संगणकातली वाऱ्याची कड

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. बाबा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते आणि कामावरून आले की पत्रकं लिहायला बसायचे. जेट्टीवर दिवा हवा, नळाला रोज पाणी हवं, शाळेला दुसरा शिक्षक हवा. गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे आणि पलंगावर मी. छपाईला जाण्याआधी मजकूर तपासायची घरची पद्धत ठरलेली होती. बाबा हातातल्या कागदावरून मोठ्यानं वाचणार आणि मी छापखान्यातून आलेल्या नमुन्यावर बोट ठेवून त्यांच्यामागून जाणार. कंटाळा येऊन माझं बोट दोन ओळी पुढे सरकलं की ते थांबायचे. "न वाचलेली ओळ लोकांच्या हातात द्यायची न्हाय," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

अशा घरातल्या मुलीला पनवेलच्या कॉलेजात लिनक्स भेटलं तर काय होणार, ते उघड आहे. संगणक चालवणारी ही प्रणाली कुणालाही उघडून वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते, हे कळल्यावर मला ती पत्रकांच्याच गोत्रातली वाटली. जे उघडून पाहता येत नाही ते आपलं नाही, असं मी तेव्हा म्हणायचे. आजही म्हणते. मधल्या काळात फक्त एक गोष्ट घडली.

आमच्या कोळीवाड्यात सुकी मासळी करणाऱ्या बायकांचा एक गट आहे. माझी आई त्यात आहे. गटाला मच्छीमार सोसायटीनं एक खोली दिली आहे, आणि खोलीत कुणीतरी दिलेला एक जुना संगणक आहे. तो सांभाळते आमच्या शेजारची काकी. काकी लग्नाआधी अलिबागला टायपिंग शिकली होती. ती मराठी टाइप करते तेव्हा बोटांकडे बघत नाही, खिडकीतून बाहेर खळ्याकडे बघते. खळं म्हणजे मासळी सुकवायची सारवलेली जागा. बोंबील वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या आडव्या दांड्यांवर टांगतात, जवळा आणि मांदेली खाली पसरतात. सगळ्या खळ्यावर ऊन सारखंच पडतं, पण वारा सारखा नसतो. समुद्राकडच्या बाजूला, जिला बायका वाऱ्याची कड म्हणतात, तिथली मासळी लवकर आणि स्वच्छ सुकते. मागच्या भिंतीजवळ ती घामेजते. म्हणून दर पुनवेला जागा फिरतात. या महिन्यात जी कडेला, ती पुढच्या महिन्यात एक घर मागे. कुणाची आजी सरपंच असो की कुणाचा मुलगा दुबईला असो, पाळी चुकत नाही.

या पाळ्यांची नोंद पूर्वी वह्यांत असायची. चक्रीवादळात खोलीचे पत्रे उडाले आणि वह्यांचा लगदा झाला. काकीनं ती पानं उन्हात, त्याच खळ्यावर, मासळीसारखी एक एक वेगळी करून सुकवली, आणि जे वाचता आलं ते सगळं संगणकात टाइप केलं. विंडोजवरच्या जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये, तिच्या जुन्या टायपिंगच्या सवयीनं. तेव्हापासून दर पुनवेला ती त्यात भर घालते.

आणि त्या संगणकावर मी लिनक्स टाकलं.

विंडोज काढलं नाही, एवढी अक्कल होती. एकाच संगणकात दोन्ही ठेवली. असं केलं की संगणक सुरू होताना एक मेनू येतो: यातलं कुठलं उघडू? काही सेकंद वाट पाहतो, कुणी काही निवडलं नाही तर जे पहिलं ठरवलेलं असेल ते उघडतो. मी लिनक्स पहिलं ठेवलं. दोन महिन्यांनी सुट्टीत आले तर बायका मेनू आला की बाणाची कळ दाबून खाली जायच्या आणि विंडोज उघडायच्या. सगळ्याजणी, दर वेळी. माझं लिनक्स कुणी उघडतच नव्हतं.

"काकी, नवं का नाही वापरत तुम्ही?"

"वापरू की. सवड मिळाली की वापरू."

"सवड कधी मिळणार?"

"तू पोरी परीक्षेला बसलीस की मिळल. तवर तू डोक्यावर हायेस."

बायका हसल्या. मला राग आला. सवय हीच खरी साखळी, असं वाक्य मी एका पत्रकात लिहिलेलं होतं, आणि इथे ती साखळी माझ्यासमोर बाणाची कळ दाबत होती. त्या संध्याकाळी मी खोलीत एकटी बसले. मेनू किती वेळ थांबतो ते एका फायलीत लिहिलेलं असतं. तिथे दहाचं शून्य केलं. मेनू दिसावा की लपावा, तेही तिथेच असतं. लपवला. मग बदल लागू करणारा आदेश दिला. पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर वर सरकल्या, शेवटी 'झालं' असं आलं. मी संगणक बंद करून चालू केला. थेट लिनक्स उघडलं, मधे काही विचारणं नाही. भिंतीवर हातानं लिहिलेला कागद चिकटवला: आपला संगणक, आपल्या हाती. आणि सकाळच्या एसटीनं पनवेलला निघून गेले.

लोकांना निवड मिळू नये म्हणून मेनू लपवायचा आणि वर भिंतीवर स्वातंत्र्याची घोषणा लावायची, यात काही विसंगत आहे असं मला बसमध्ये बसल्यावर अजिबात वाटलं नाही. उलट मी खिडकीशी बसून चांगली झोप काढली.

दोन आठवड्यांनी दुपारी काकीचा फोन आला. ती आधी माझ्या जेवणाची चौकशी करते. त्या दिवशी केली नाही.

"उद्या ग्रामसभा हाय. खळ्याच्या जागेवर पर्यटकांच्या गाड्या लावायचं ठरवतायत. जागा पडीक हाय म्हणून कागद तयार केलाय त्यांनी."

"पडीक? रोज तिथे मासळी असते."

"ते तू मना सांगतेस? त्यांना कागद दाखवायला पायजे. पाळ्यांची यादी छापायला बसले, तर ते जुनं उघडतच न्हाय. सारखं नवंच येतंय."

मी तिला सांगितलं, चालू करताना एस्केपची कळ दाबत राहा, मेनू दिसेल. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग बटणांचा. मग बराच वेळ काही नाही.

"दिसला. पण एकच नाव हाय त्यात. नव्याचंच."

"नीट बघ काकी. खाली दुसरं असेल."

"मी काय आंधली हाय काय? एकच हाय. विंडोज न्हाय त्यात."

मी काहीतरी पुसलं होतं की काय? काकी पुढे बोलत होती. नव्यातून तिनं फायली शोधल्या होत्या, यादीची फाइलही सापडली होती, आणि उघडली तेव्हा आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, चौकोन. नुसता कचरा.

"एवढ्या वर्षांच्या पाळ्या गो. वादळात वाचवल्या त्या." आवाज बारीक झाला होता. "तुझ्या त्या नव्यानं खाल्ल्या का?"

"तू ती फाइल सेव्ह केलीस का काकी? काही दाबलंस?"

"न्हाय. भिऊन बंद केली."

त्या भिण्याला मी आजही हात जोडते. फाइल सापडत होती म्हणजे जुनी प्रणाली डिस्कवर जिवंत होती. अक्षरांचा कचरा दिसत होता कारण जुना मराठी फॉन्ट फक्त तिकडे होता. त्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा आतून 'क' नसतोच, कुठलं तरी इंग्रजी अक्षर मराठी वेष घालून बसलेलं असतं. वेष काढला की कचरा. हे सगळं मला कळत होतं. मेनूतून विंडोज कुठे गेलं, एवढंच कळत नव्हतं, आणि नेमकं तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिल्या एसटीनं निघाले. ग्रामसभा अकराला होती, मी खोलीत पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. काकी खुर्चीवर बसली नव्हती, संगणकाच्या बाजूला उभी होती, आजारी माणसाजवळ उभं राहतात तशी. भिंतीवरचा माझा कागद खारट हवेनं एका कोपऱ्यात सुटून लोंबत होता. मी आधी तो काढला.

"राहू दे की," काकी म्हणाली. "आपल्या हाती कायतरी असू दे."

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. मी खाली मान घालून मेनूची तीच फाइल उघडली, शून्याचं पुन्हा दहा केलं, मेनू दाखव असं लिहिलं, आदेश दिला. ओळी वर सरकल्या. झालं. बंद करून चालू केलं. मेनू आला. एकच नाव. नव्याचं.

पुन्हा फाइल उघडली, पुन्हा तेच आकडे पाहिले, पुन्हा आदेश दिला. एकच नाव. बाहेर खळ्यावर बायका जवळा उलटत होत्या आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी खिडकीतून डोकावून जात होती. आई आली, माझं तोंड बघून परत जवळा उलटायला गेली. तिसऱ्यांदा आदेश दिला.

"थांब," काकी म्हणाली. "आता त्यानं कायतरी लिवलं ना. लांबलचक. ते वाच."

"ते नेहमीचंच असतं काकी. त्यात काही नसतं."

"मघापासून तीन येळा लिवलंय त्यानं. तू एकदाबी वाचलं न्हाईस. तुझ्या बापाची पोर ना तू?"

मी वर सरकलेल्या ओळी खाली आणल्या. आणि तिच्यासाठी इंग्रजीतून एक एक ओळ मराठीत वाचत गेले. ही फाइल वाचली. हे चित्र सापडलं. ही नवी प्रणाली सापडली. मग ती लांबलचक ओळ आली. इशारा: डिस्कवर आणखी कोणत्या प्रणाली आहेत हे शोधणारा प्रोग्रॅम चालवला जाणार नाही. त्या प्रणाली मेनूत घेतल्या जाणार नाहीत. शोधायचं असल्यास अमुक फायलीत तसं लिहा.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"म्हंजे काय?" काकीनं विचारलं.

"म्हणजे शेजारी कोण राहतं ते तो आपणहून बघत नाही. बघ म्हणून सांगावं लागतं."

"मग सांग की."

दोन आठवड्यांपूर्वीही ती ओळ आली असणार. मी ती सरकताना पाहिली होती, वाचली नव्हती. लिनक्स बसवताना त्यानं जुन्याला एकदा शोधलं होतं, पण बदल लागू करताना नवी यादी तयार झाली, त्यात जुन्याला घेतलंच गेलं नाही, आणि मेनू मीच लपवलेला असल्यामुळे मला ते दिसलंही नाही. काहीही पुसलं गेलं नव्हतं. फक्त दारावरची पाटी निघाली होती, आणि ती मी काढली होती.

फायलीत एक ओळ घातली. आदेश दिला. या वेळी काकी माझ्या खांद्यावरून वाकली आणि मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीत विंडोज सापडल्याचं लिहून आलं. "सापडलं," मी म्हणाले. काकीनं चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला, आणि खुर्ची ओढून बसली. "ऊठ आता. माझी जागा हाय ती."

मेनूत दोन नावं होती. तिनं बाणाची कळ दाबली. जुनं उघडायला नेहमीचा वेळ घेतला. मग तिचा प्रोग्रॅम, मग यादी. मराठीत. पहिल्या पानावर वादळाच्या आधीच्या पाळ्या, जिथे वह्या वाचता आल्या नाहीत तिथे काकीनं टिंबं टाकलेली. प्रिंटर खाकरला आणि कागद सोडू लागला. साडेदहा झाले होते.

ग्रामसभेत सरपंचांनी पहिले दोन विषय भराभर उरकले आणि गाड्यांच्या जागेचा विषय वाचला. "पडीक जागेचा विकास," असं त्याचं नाव होतं. काकी उठली. भाषण केलं नाही. मी रात्रभर मनात जे भाषण जुळवून आले होते ते तिला द्यायचं ठरवलं होतं, पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं चष्मा नाकावर बसवला आणि यादी वाचायला सुरुवात केली. महिना, आणि वाऱ्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत बायकांची नावं. पहिलं नाव आलं तसं मागून एक म्हातारी म्हणाली, "हाय." दुसऱ्या नावाला दुसरी. मग सगळ्या. नाव आणि हाय, नाव आणि हाय.

दुसरा महिना संपला तेव्हा सरपंच म्हणाले, "काकी, सगळं वाचणार काय तुम्ही?"

"व्हय. पडीक जागेची हजेरी हाय ती. पुरती घेऊया."

मागे कुणीतरी फसकन हसलं, मग सरपंचही थोडे हसले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची आईही एकेकाळी त्या खळ्यावर बोंबील टांगायची, आणि ती यादीत होती, चौथ्या पानावर. काकी तिथवर आली तेव्हा सभागृहात कुणी 'हाय' म्हणालं नाही, कारण ती बाई आता नाही. काकी थांबली. सरपंच टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाले, "माहीत आहे. लिहा, हजर होती म्हणून."

जागा पडीक आहे हे वाक्य कागदातून निघालं. बायकांच्या समोर मोजणी करायची आणि तोवर गाड्यांचा विषय बाजूला ठेवायचा, असं ठरलं. खळं कायमचं वाचलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या कागदात ते नव्हतंच, त्यात ते आलं.

दुपारी आम्ही दोघी परत खोलीत बसलो. मला तो मेनू नीट लावून जायचा होता.

"पहिलं कुठलं ठेवू?" मी विचारलं. "तू म्हणशील ते. जुनं ठेवू?"

मला वाटलं होतं ती 'व्हय' म्हणेल. तिनं विचार केला. "तू गेलीस आणि दुसरी कुणी आली, तिला नवं पायजे असलं तर?"

"मग नवं पहिलं ठेवू?"

"तेच तर केलंस ना तू. वाऱ्याची कड स्वतःच्या नावावर करून टाकलीस. आमच्यात तसं कुणी करत न्हाय."

"मग पुनवेला बदलायला दर महिन्याला पनवेलहून येऊ काय?"

"ये की. जेवायला तरी येशील." मग ती खरंच विचारात पडली. "कुणालाच पहिलं नको ठेवू. इचारू दे आणि थांबू दे त्याला."

"किती वेळ?"

"बसणारी निवडल तवर. आमचे हात ओले असतात, चष्मा सापडत नसतो. दहा सेकंदांत काय व्हतंय?"

मी सांगितलं की मग वीज जाऊन आली तर तो तिथेच विचारत बसेल, आपणहून काहीच उघडणार नाही. बसू दे, ती म्हणाली. खळ्यावर माणसं वाऱ्यासाठी तासतास बसतात. तसं करता येतं. आकड्याच्या जागी उणे एक लिहिलं की मेनू वाट पाहत राहतो. मी ते लिहिलं. तिच्या सांगण्यावरून नावंही बदलली. कंपनीची लांबलचक नावं काढून, मेनूत मराठी अक्षरं नीट उमटत नाहीत म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण आपले शब्द: जुनं, नवं. आदेश दिला आणि आलेली प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तिनं एकही ओळ सोडू दिली नाही.

माझं मत बदललेलं नाही. पाळ्यांची यादी अशा फॉन्टमध्ये अडकून राहणं, जो एका संगणकाबाहेर गेला की कचरा होतो, हे मला आजही धोक्याचं वाटतं. फक्त आता त्यासाठी मी मेनू लपवत नाही, रविवारी येते. काकी जुन्यातून छापलेली पानं हातात घेऊन मोठ्यानं वाचते, मी नव्यात, कुठेही उघडेल अशा फॉन्टमध्ये टाइप करते, आणि मग मी मोठ्यानं वाचते तशी ती बोट ठेवून माझ्यामागून जाते. कधी कधी बाबा येऊन बसतात आणि दोघींच्या चुका काढतात. वादळानंतरचं सगळं झालं. वादळाआधीच्या टिंबांपाशी काकी थांबते आणि जुन्या बायकांना बोलावते. त्या खळ्यावरून ओल्या हातांनी येतात, आठवतात, भांडतात, आणि दोन-तीन टिंबांच्या जागी नावं येतात.

मोजणी मागच्या महिन्यात झाली. बायका चारही कोपऱ्यांवर उभ्या होत्या, हातात यादी. खळ्याची हद्द आता नकाशावर आहे. गाड्यांसाठी शाळेच्या मागची जागा बघायचं चाललं आहे, आणि तिथेही कुणाचं काय आहे ते आधी विचारा, असं पत्रक मी लिहिलं आहे.

गेल्या रविवारी खोलीत गेले तर तिथे कुणी नव्हतं. वीज जाऊन आलेली असावी. संगणकाच्या काळ्या पडद्यावर दोन नावं होती आणि तो वाट बघत होता. बाहेर खळं झाडता झाडता काकीनं खिडकीतून हाक मारली, "नवं उघड गो. या पुनवेच्या पाळ्या मी त्यात टाइप करणार हाय." मी बाणाची कळ दाबली नाही. बाहेर गेले, तिच्या हातातला झाडू घेतला आणि म्हणाले, "जा, तूच उघड."

या महिन्यात वाऱ्याची कड आमच्या घराकडे आहे. आई जवळा पसरत होती, मी तिच्या पुढे झाडत गेले.